आधी शेवटचं शेत बोलतं

शाळेत पाण्याबद्दल मला एकच गोष्ट शिकवली गेली: दात घासताना नळ बंद ठेवा. आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत सकाळी जे पाणी यायचं ते आईच्या हंड्यात जायचं आणि दात आम्ही तांब्यातल्या पाण्याने घासायचो. बंद करायला आधी नळ चालू असावा लागतो, हे पुस्तक लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं. पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. ‘शाश्वत भविष्यासाठी शिक्षण’ हा आमच्या गटाचा यंदाचा विषय. पत्रक मीच लिहिलं, त्यामुळे ते किती पोकळ होतं हे सांगायचा हक्कही माझाच.

पोकळपणा पहिल्यांदा दाखवला रूपालीने. ती आमच्या गटातलीच. बागलाणातली, मोसम नदीकाठच्या एका गावची. नाशकात होस्टेलवर राहून तिने शेतीची पदवी घेतली आणि सगळ्यांना वाटलं तशी नोकरीला न लागता दिवाळीनंतर गावी जाऊन बसली. पत्रक पाठवलं तर तिचा फोन.

“भाषा चांगली आहे. पण यात पाणी कुठंय?”

“पाणी वाचवा असं तीनदा लिहिलंय.”

“तेच म्हणतेय. तू इकडे ये. शनिवारी आमच्या फडाची बैठक आहे. माझ्या बाजूने बोलणारं कुणीतरी असलेलं बरं.”

मी गेले. तिच्या गावाचं नाव लिहीत नाही. तिच्या वडिलांनी निघताना बजावलंय: नाव टाकलं की लोक गाड्या घेऊन बघायला येतील आणि पाट तुडवतील.

शुक्रवार, सटाणा

सटाण्याला उतरले तर स्टँडपासून बाजार समितीपर्यंत कांद्याचे ट्रॅक्टर लागलेले. हवेत कांदा, डिझेल आणि धूळ, आणि कपड्यांवर येऊन चिकटणारी लाल टरफलं. रूपाली यायला अवकाश होता म्हणून भज्याच्या गाडीवर गेले. पत्रकांचा एक गठ्ठा गाडीवाल्याला दिला आणि म्हटलं, गिऱ्हाइकांना वाटा. त्याने मनापासून वाटला. प्रत्येक प्लेटीत भज्यांखाली एक पत्रक. मी बघत राहिले तर म्हणाला, “ताई, फुकट नाय जाऊ दिलं एक पण. तेल कागदाला, अन्‌ वाचनारा वाचतो.” समोरचा एक ड्रायव्हर खरोखरच वाचत होता. ‘शिक्षण ही शाश्वत’ इथपर्यंत आला, पुढे तेल होतं.

रूपाली स्कूटीवर आली. वाटेत दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं, आणि डाळिंबाच्या बागा. डाळिंबांना ऊन लागू नये म्हणून झाडांवर जुन्या साड्या पांघरलेल्या. लाल, जांभळ्या, जरीच्या. लांबून वाटतं एवढ्या बायका शेतात ओळीने बसल्यात कशाला. मागे साल्हेरकडचे डोंगर निळे आणि कोरडे. मी नाशिक जिल्ह्यात जन्मले, वाढले, आणि ही बाजू पहिल्यांदा बघत होते. आमच्याकडे बागलाण म्हणजे कांद्याचा भाव वाढला की बातम्यांत दिसणारं नाव.

घरी रूपालीच्या आईने, जिजाबाईंनी, पाणी दिलं आणि लगेच विचारलं, “आडनाव काय शे तुन्हं?” हा प्रश्न मला पाठ आहे. त्यानंतरची शांतताही पाठ आहे. मी सांगितलं, जरा जोरातच. जिजाबाई म्हणाल्या, “बरं. तिखट खास ना तू?” आणि आपल्या ताटाशेजारी माझं ताट वाढलं. मी भांडायच्या तयारीने ताठ बसले होते. तशीच ताठ बसून जेवले.

जेवणात फुणके होते. डाळ भरडून, मसाला घालून, मुटके वळून वाफवायचे, ताटात फोडायचे आणि वर गरम कढी. आमच्याकडे डाळ म्हणजे वरण, फार तर आमटी. डाळीचं असं काही होतं हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा कढी घेतली तेव्हा जिजाबाई लेकीला म्हणाल्या, “हाई तुन्ही मैत्रीण भाषण कराले उनी का जेवाले?”

ऊन कलल्यावर रूपालीचे वडील आम्हाला बंधाऱ्यावर घेऊन गेले. सगळं गाव त्यांना केदानाना म्हणतं. उंच, वाळलेला माणूस, डावा गुडघा आखडलेला, कपाळावर जुना वण. ते या गावचे पाटकरी. म्हणजे नदीच्या बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाचं पाणी कुणाच्या शेतात कधी, किती वेळ, हे बघणारा माणूस. गाव त्याला धान्य देतं, आणि पाटाच्या तोंडाशी कसायला एक तुकडा. काम गेलं की तुकडा गेला.

फड म्हणजे काय ते तिथे कळलं. जे मला कुठल्याही वर्गात कळलं नाही ते चार वाक्यांत सांगते. पाटाखालची सगळी जमीन चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली, एकेक तुकडा म्हणजे फड. एका फडात एकच पीक, आणि दरवर्षी पिकं फिरतात. प्रत्येक घराची पट्टी प्रत्येक फडात असते. पाऊस कमी झाला की गाव एक फड कोरडा ठेवतं, मग तोटा होतो तो सगळ्यांचा सारखा, आणि उपाशी कुणीच राहत नाही.

दुष्काळात कुणाला बुडवायचं, हा प्रश्नच त्यांनी निकालात काढलेला आहे. आमच्या शहरात तो प्रश्न दर उन्हाळ्यात टँकरवाला सोडवतो.

“पानी ज्यानं त्यानं शे म्हटलं तर पुरत नही,” केदानाना म्हणाले. “सगळासनं शे म्हटलं तर पुरस.”

“नाना, हे मी लिहू?”

“लिही. पन मन्हं नाव नको. लोके म्हनतीन, केदा पुढारी व्हयना.”

मी विचारलं, रूपालीला तुमच्यानंतर पाटकरी व्हायचंय, तिने पाट धरायला तुमची हरकत काय? ते बराच वेळ बंधाऱ्यावरचं शेवाळ फावड्याच्या टोकाने खरवडत राहिले.

“मी हिले पाटवरथून उचली आनि कॉलेजले धाडी. ती फिरीसन पाटवरच उनी. मंग मी काय कमाडं?”

रूपाली दुसरीकडे बघत होती. परतताना तिने सांगितलं की कपाळावरचा वण फावड्याचा आहे. एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून एकाने मारलं. वडिलांनी घरी येऊन सांगितलं, दारावर आपटलो. तिला खरं कळलं ते शाळेत, मारणाऱ्याच्या मुलाकडून.

शनिवार सकाळ, पाटावर

पाणी सोडायच्या आदल्या दिवशी पाट झाडतात. घरटी एक माणूस. कुणी म्हातारा येतो, कुणी सून येते, पण घर सुटत नाही. गवत उपटायचं, गाळ काढायचा, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायची. आमच्या गटाने गोदाकाठी स्वच्छता मोहीम काढली होती तेव्हा आम्ही टोप्या छापल्या होत्या, हातमोजे आणले होते, आणि फोटो झाल्यावर निम्मे गेले. इथे टोप्या नव्हत्या. ज्या घरातून कुणी आलं नव्हतं तिथे एक बाई जाऊन दारात नुसती उभी राहिली. आतून फावडं घेऊन माणूस बाहेर.

मलाही फावडं मिळालं. थोड्याच वेळात तळहाताला फोड आले. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे काम करत होते, माझ्या दुप्पट वेगाने. ते गावच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. यांचीच मी वाट बघत होते. रूपालीने मला होस्टेलवर सांगितलं होतं की हे वर्गात काय म्हणायचे.

“गुरुजी, तुम्ही मुलांना म्हणायचात ना, अभ्यास करा, नाहीतर केदासारखं पाटावर जावं लागेल?”

“म्हणायचो.”

“रूपाली वर्गात असताना?”

“तिच्याकडे बघूनच म्हणायचो. वर्गात तीच ऐकायची.”

मी चिडले. म्हटलं, ज्या माणसाच्या जिवावर गाव पाणी पितं त्याला तुम्ही बागुलबुवा केलात. मग शिकलेला एकही पोरगा पाटाकडे फिरकत नाही, तर नवल कसलं?

गुरुजींनी फावडं टेकवलं. राग नव्हता त्यांना, पोर चुकीचं गणित आत्मविश्वासाने सोडवतं तेव्हा मास्तर बघतो तसे बघत होते. “ताई, त्या एका वाक्यावर या गावातून नर्सा झाल्या, मास्तर झाले, फौजी झाले. त्यांच्या घरी आता पत्रे जाऊन स्लॅब आलेत. तुम्ही म्हणता वाक्य चुकलं. असेल. मग दुसरं द्या. चौथीच्या पोराला कळेल, आणि त्याच्या आईला पटेल, असं.”

माझ्याकडे पत्रक होतं. ते त्यांनी आधीच वाचलं होतं, चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून. “हे छान आहे,” म्हणाले. “पण हे वाचून पोरगं काय करेल उद्या सकाळी?”

हे मला अजून टोचतंय, म्हणून लिहितेय. आपल्या शिक्षणावर माझा राग आहे, आणि तो कमी झालेला नाही. रूपालीच्या कॉलेजात फड पद्धत शिकवली, एका तासात, पडद्यावर फोटो दाखवून. हिने हात वर केला: सर, माझे वडील आत्ता तेच करतायत. सर म्हणाले, छान, आणि पुढचा फोटो लावला. ज्या वर्गात एका मुलीचा बाप हा धडा आहे, त्या वर्गाला धडा माहीत आहे आणि बाप नको आहे. शाळा मुलाला गावातून बाहेर जायचा रस्ता दाखवते. चांगलंच करते. पण परतीचा रस्ता तिच्याकडे नसतो, आणि परत आलेल्याला ती नापास समजते. पाणी, माती, रान सांभाळायचं असेल तर शिकलेली माणसं तिथे लागतील ना, जिथे पाणी आणि माती आहे? की ती सगळी आमच्या गटात येऊन पत्रकं लिहिणार?

हे सगळं मी गुरुजींना ऐकवलं. ते म्हणाले, “संध्याकाळी बैठकीत बोला हे,” आणि थांबून, “पण जरा दमानं.”

मी पहिलं तेवढं ऐकलं.

शनिवार दुपार, सोसायटीचा ओटा

चहाच्या वेळेला लोक जमले. ओट्यावर सतरंजी. बायकाही होत्या, ज्यांच्या नावाने पट्ट्या त्या. मला वाटलं, जो आला तो मिळेल तिथे बसला.

गुरुजी उभे राहिले. “विषय एकच. केदाच्या गुडघ्याने राजीनामा दिलाय. उद्या पाणी सुटेल. पुढं पाट कोणी धरायचा? रूपाली धरते म्हणते. बोला.”

कुणीच बोलेना. रूपाली भिंतीला टेकून बसली होती, पायाच्या बोटांकडे बघत. केदानाना पार दुसऱ्या टोकाला. क्षणभर, दोन क्षण. शांतता म्हणजे भित्रेपणा, असं आम्हाला मोर्चांमध्ये शिकवलेलं असतं. मी उठले.

चांगलं बोलत होते, असं मला वाटत होतं. म्हटलं, एवढी शिकलेली मुलगी, जिला शहरात कुठेही नोकरी मिळेल, ती सगळं सोडून इतक्या साध्या कामासाठी तुमच्यात परत येते, आणि तुम्ही तिला...

“थांब वं बाई.”

सतरंजीच्या अगदी माझ्याकडच्या टोकाला एक ठेंगणी म्हातारी बसली होती. अनसामाय. नवरा नाही, मुलगा सुरतेला.

“तुन्हं शेत कोठे शे?”

“माझं शेत नाही.”

“मंग बस. आधी शेवटचं शेत बोलस.”

मागून रूपालीने माझी ओढणी ओढली आणि कुजबुजली. तेव्हा कळलं की माणसं मिळेल तिथे बसली नव्हती. पाट जसा शेतं घेत जातो तशी, पण उलटी. पाणी ज्याला सगळ्यांत शेवटी पोचतं, ज्याचं शेत सगळ्यांत आधी वाळतं, तो पहिला बोलतो. पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत, त्याला काय चिंता, तो शेवटी. यंदाच्या फडात शेवटची पट्टी अनसामायची. पहिली, तोंडाजवळची, केदानानांची. म्हणजे ज्याचं म्हणणं ऐकायला सगळे थांबले होते तो बाप सगळ्यांत शेवटी बोलणार होता.

मी बसले. पण अनसामायचं संपलं नव्हतं.

“आनि साधं म्हने,” ती म्हणाली. “केदा, साधं शे का रे?”

सगळ्यांनी केदानानांकडे पाहिलं. त्यांनी सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. मला जमिनीत जागा हवी होती. सकाळी ज्या वाक्यासाठी मी गुरुजींशी भांडले होते तेच मी शुद्ध भाषेत बोलून बसले होते. गुरुजी मिशीत हसलेसुद्धा नाहीत, त्याचं जास्त लागलं.

मग रांगेने बोलणं सुरू झालं.

अनसामाय म्हणाली, “माले पानी पाहिजे. बाई आनो का बुवा आनो. पन रातनी पाळी ऱ्हायनी तर पोर एकली येवाची नही. मी येसू संगे. तशी बी माले झोप येत नही.”

दोघा-तिघांनी मान डोलावली. एकाने विचारलं, हिचं लग्न झालं की पुढे काय? रूपाली म्हणाली, “काका, तुमचा मुलगा पाटकरी असता तर त्याला विचारलं असतं?” काका म्हणाले, “मन्हा पोऱ्याले कोन पोर देत नही, तो प्रश्नच नही.” ओटा हसला.

मधल्या शेतांमध्ये संदीप. तिशीचा, डोक्यावर खतकंपनीची टोपी, घरामागे डाळिंब आणि स्वतःचं बोअर. तो विरोधात असणार हे रूपालीने मला आधीच सांगितलं होतं.

“माझं म्हणणं, फडच मोडा,” तो म्हणाला. “ज्याला जे पीक लावायचं ते लावू दे. ज्याचं त्याचं बोअर.”

“तुन्हं बोअर मागला उन्हाळामा काय प्यायनं?” कुणीतरी विचारलं.

“आटलं,” संदीप म्हणाला. मला वाटलं तो चिडेल. “आटलं ना. खोटं कशाला बोलू. पण एकट्याचं आटलं. कोणापुढं हात जोडावे लागले नाहीत, पाळीसाठी कोणाची तोंडं बघावी लागली नाहीत.” जरा थांबला. “फड मोडत नसाल तर रूपाली धरू दे. केदानानांना दोन शब्द ऐकवता येतात. हिला शाळेतसुद्धा कोणी ऐकवू शकलं नाही.”

मी याच्याविरुद्ध मनात एक अख्खं भाषण तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. पाणी वाटून घ्यायचं म्हणजे रोज शेजाऱ्याचं तोंड बघायचं, आणि त्याचा कंटाळा येऊ शकतो, हे आमच्या कुठल्याच पत्रकात नाही.

गुरुजींची पाळी आली. ते फक्त म्हणाले, “माझी ना नाही. माझी विद्यार्थिनी आहे.”

आणि केदानाना. ते उठले नाहीत, गुडघ्यामुळे. बसूनच बोलले.

“मन्ही पोर पाटकरी व्हनार नही.”

रूपालीने डोळे मिटले. जिजाबाई सोसायटीच्या दाराशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. नाना पाटासारखेच बोलतात. थांबत, साचत, मग पुढे.

“गुरुजी, तुम्ही पोरासले सांगेत, शिकनार नही तो पाट धरी. बरोबर ना?”

गुरुजींनी मान हलवली.

“मंग उद्या हिनी पाट धरा तर ती पोरं काय म्हनतीन? केदानी पोर शिकीसन बी कोठेच लागनी नही, म्हनीसन पाटवर उनी. नापास व्हयनी, म्हनीसन पाटवर उनी.” त्यांनी घसा साफ केला. “फेब्रुवारीमा मन्ही पोरनी परीक्षा शे, सरकारी. ती देवानी. पास व्हवानी. आनि पास व्हईसन, नोकरीना कागद हातमा लीसन, ह्या ओटावर येवानं. सगळासपुढे सांगानं, माले नोकरी नको, माले पाट पाहिजे. मंग मी फावडं देसू. नापास व्हयनी तर देनार नही. नापास पोरनं काम नही हाई.”

एवढं बोलून ते दमले.

रूपाली आता थेट वडिलांना म्हणाली. “आणि पास झाल्यावर तुम्हीच म्हणालात, नोकरीला जा, तर?”

“तर भांड. तुले कोन अडावस?”

“तवलोंग तुन्हा गुडघा कोन चालाडी?” अनसामायने विचारलं.

गुरुजींनी चहा सांगितला. बैठक संपली.

घरी आल्यावर मी रागावलेलीच होते. परीक्षा म्हणजे काय खेळ आहे? तारखा पुढे जातात, निकाल अडकतात, आमच्या गटातले निम्मे त्याच वाटेवर म्हातारे होताहेत. चुलीपुढे रूपाली भाकरी थापत होती, जरा जास्तच जोराने. मी म्हटलं, हा नकारच आहे, फक्त गोड करून दिलेला.

“पहिलं वाक्य नकाराचं होतं,” ती म्हणाली. “नंतरचं नव्हतं.”

“म्हणजे तू परीक्षा देणार?”

“देणार. पास होणार. आणि मग त्यांच्याशी भांडणार.” भाकरी तव्यावर टाकून तिने हातावरचं पीठ झाडलं. “त्यांना लाज वाटायची कामाची असं मला आयुष्यभर वाटत होतं. आज कळलं, त्यांना ते काम नाइलाज म्हणून कुणाच्या गळ्यात पडू द्यायचं नाहीये.”

बाहेर ओसरीवर केदानाना जिजाबाईंना विचारत होते, मी जरा जास्तच बोललो का. जिजाबाई म्हणाल्या, तीस वर्षांचं एकदाच बोललात, हिशेब बसला.

हे लिहितेय तेव्हा परीक्षा व्हायची आहे. निकालाबद्दल मी काही सांगू शकत नाही.

रविवार, शेवटच्या शेतापर्यंत

सकाळी बंधाऱ्यावर थंडी होती. नारळ फुटला. केदानानांनी पाटाच्या तोंडाच्या फळ्या उचलल्या आणि पाणी आत आलं, आवाज न करता.

पहिल्या पाण्याबरोबर पाटकऱ्याने चालायचं असतं, शेवटच्या शेतापर्यंत. झाडून घेतलेल्या पाटातही काही ना काही राहतं. काटकी अडकते, त्यावर पाला, त्यावर गाळ, आणि पाणी काठ फोडून भलतीकडे जातं. म्हणून कुणीतरी सोबत लागतं. केदानाना फावडं खांद्यावर टाकून निघाले. वाटेतल्या पिंपळापर्यंत चालले, तिथे थांबले, गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले. पाणी थांबत नाही. ते पुढे निघालं होतं.

त्यांनी फावडं रूपालीकडे धरलं. कुठलाही समारंभ नाही, पिशवी धर म्हणावं तसं.

“जाय. पान्यासंगे चाल. पुढे नको पळू, मांगे नको ऱ्हाऊ.”

“हे म्हणजे...” रूपाली म्हणाली.

“हाई काही नही. आजना दिवस. गुडघा दुखस मन्हा.”

ती निघाली आणि मी तिच्यामागे. पाण्याच्या तोंडाबरोबर चालणं मी पहिल्यांदा अनुभवलं. नदीचं पाणी आपल्याला नेहमी वाहताना भेटतं, पोचताना नाही. पुढे सुकलेल्या पानांची आणि फेसाची एक जाड वळी असते, ती लोळत जाते. माती आधी काळी होते, मग भेगांतून बुडबुडे येतात, मग मुंग्या, किडे, एखादा विंचू बाहेर पडून काठावर चढतो, आणि त्यांच्यासाठी बगळे चालत येतात, आपल्याइतकेच हळू. मधेच रूपाली खाली उतरायची, फावड्याने काहीतरी उचकटायची, वर यायची. मी मदत करायला गेले आणि गुडघाभर गाळात बसले. माझी चप्पल तिथेच आहे. पुढच्या वर्षी पाट झाडताना कुणाला सापडली तर माझी आठवण काढा, असं मी म्हटलं. रूपाली म्हणाली, प्लास्टिकची आहे, दहा वर्षं काढतील.

शेतांच्या कडेला माणसं उभी होती. नुसती बघत होती, रूपाली कुठे थांबते, कुठे उतरते. संदीप त्याच्या पट्टीशी उभा होता. पाणी त्याच्या बाऱ्यापाशी, म्हणजे शेतात पाणी घ्यायच्या तोंडापाशी आलं, तसा त्याचा पाय मातीच्या ढेकळाकडे गेला.

“पाय काढ,” रूपाली न थांबता म्हणाली.

“बघत होतो फक्त.”

“डोळ्यांनी बघ. आधी शेवटचं शेत भिजेल, मग वर येत येत तुझं.”

त्याने पाय काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “बघितलंत? काल म्हटलं होतं मी.”

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पाट अरुंद झाला होता, पाणीही बारीक, कमरेच्या पट्ट्याएवढं. अनसामाय तिच्या शेताच्या बांधावर उकिडवी बसली होती, पाटाकडे तोंड करून. किती वेळ बसली होती कोण जाणे. रूपालीने शेवटचं ढेकूळ फोडलं. पाणी क्षणभर तिथेच घुटमळलं आणि मग कांद्याच्या वाफ्यात शिरलं. म्हातारीने हात पुढे करून ओंजळ भरली, तोंडावरून फिरवली.

मग वर बघितलं. रूपालीच्या हातातल्या फावड्याकडे, मग तिच्या मागे लांबपर्यंत, जिथे केदानाना कुठेच दिसत नव्हते.

“मंग कोन शे यंदा पाटकरी?”

“अजून ठरायचंय, माय,” रूपाली म्हणाली.

“ठरवू दे त्यासले,” अनसामाय म्हणाली. “पानी त उनं. पाय धू आनि जेवाले चल. हाई बिनाचप्पलवालीले बी आन.”